बादली उपडी होण्याआधी

तो व्हिडिओ आता सगळ्यांनी पाहिलेला आहे. काटेरी तळाचे बूट घातलेला कारागीर करड्या मिश्रणाची बादली उपडी करतो, ते सावकाश पसरत भिंतीपर्यंत जातं, आणि थोड्याच वेळात ओल्या जमिनीत खिडकीचं प्रतिबिंब दिसू लागतं. सेल्फ लेव्हलिंग कंपाउंडची ही कहाणी खरी आहे, पण तो शेवटचा अंक आहे. आधीचे अंक कोणी चित्रित करत नाही. त्यात धूळ असते, कानठळ्या बसवणारी मशिनं असतात आणि भरपूर भांडणं असतात. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या साइट्सवर जमीन तयार करणाऱ्या मंडळींबरोबर मी बरीच वर्षं वावरलो आहे, आणि माझं ठाम मत आहे की जमीन चांगली होणार की फुगून उखडणार, याचा निकाल बादली हातात येण्याआधीच लागलेला असतो.

एका रुग्णालयाच्या कॉरिडॉरचा किस्सा घ्या. तिथे २ मिलिमीटर जाडीचं व्हिनाइल अंथरायचं होतं. एवढ्या पातळ थराखाली वाळूचा खडा राहिला तरी तिरप्या उन्हात तो वर उमटतो. ब्रिटिश मानकातल्या सर्वांत काटेकोर वर्गात २ मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मिलिमीटरपर्यंतच फट चालते. इथे पट्टीखाली सगळीकडे दुप्पट-तिप्पट फट दिसत होती. आर्किटेक्ट स्लॅबवाल्यावर चिडले, स्लॅबवाला शटरिंगवाल्यावर घसरला, आणि कंपाउंडच्या जादा गोण्यांची ऑर्डर जवळजवळ निघालीच होती. तेवढ्यात कोपऱ्यात विडी ओढत बसलेले म्हातारे मिस्त्री उठले. त्यांनी ॲल्युमिनियमची पट्टी उलटी करून त्याच जागी ठेवली. मघाशी मधोमध दिसणारी फट आता दोन्ही टोकांना दिसू लागली. वाकडी पट्टीच होती!

पट्टीचा प्रश्न मिटतो, पण माणसांच्या अभिमानाचा प्रश्न अवघड असतो. ट्रिमिक्सवाला म्हणजे ताज्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी व्हॅक्यूमने ओढून घेणारा आणि वर पॉवर ट्रॉवेल फिरवून जमीन घोटणारा कारागीर. त्याची जमीन हात फिरवत राहावं इतकी तुकतुकीत असते, आणि आमच्या मंडळींना नेमकी तीच नको असते. त्यांची परीक्षा साधी: जमिनीवर पाण्याचा थेंब टाकायचा. तो थोड्या वेळात जिरला आणि जागा गडद झाली, तर जमीन प्रायमर पिणार. थेंब मोत्यासारखा उभा राहिला, तर वरची घोटाई, सिमेंटची साय किंवा क्युरिंग कंपाउंडचा पापुद्रा काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अशाच एका हॉलमध्ये ग्राइंडर सुरू झाला तेव्हा तो ट्रिमिक्सवाला दारात येऊन उभा राहिला. स्वतःच्या हाताची चमक उतरताना बघणं सोपं नसतं. भांडणार असं वाटलं. तो आत आला, पायाने एक पट्टा दाखवला आणि म्हणाला, "दादा, इथं अजून खोल मारा. ओतल्या दिवशी इथं पाणी वर आलं होतं, म्हणून मी सुकं सिमेंट भुरभुरलंय." पाणी सुटलेल्या जागी सुकं सिमेंट टाकून घोटलं की वर कडक आणि खाली भुसभुशीत असा थर बनतो. ती संपूर्ण हॉलमधली सर्वांत कमकुवत जागा होती आणि चमक सर्वांत जास्त तिथेच होती. त्याच्याशिवाय ती कोणाला सापडली नसती.

घासायचं किती, यावरही दोन पक्ष असतात. अमेरिकेतल्या काँक्रीट दुरुस्ती संस्थेने खडबडीतपणाचे १० नमुने ठरवले आहेत. रबराच्या चकत्यांवर ते उमटवलेले असतात: १ म्हणजे जवळजवळ गुळगुळीत, १० म्हणजे फोडून काढल्यासारखा. डायमंड कप लावलेला ग्राइंडर साधारण दुसऱ्या नमुन्यापर्यंत नेतो; पोलादी गोळ्यांचा मारा करणारं शॉट ब्लास्टिंगचं मशीन तिसऱ्यापर्यंत आणि पुढेही जातं. एका सल्लागार साहेबांनी अशा चकत्यांचा संच साइटवर आणला. ग्राइंडर चालवणाऱ्या मामांनी तो कौतुकाने हातात घेतला, एकेका चकतीवरून तळवा फिरवला आणि मग डोळे मिटून जमिनीवर हात ठेवत सांगितलं, "दारापाशी दोन नंबर, खांबापाशी तीन, आणि तिकडं माझ्या पुतण्यानं मशीन चालवलं, तिथं एकच." साहेबांनी चकती लावून पाहिली. पुतण्याला मशीन पुन्हा घ्यावं लागलं.

पोकळ जागा शोधण्याची गोष्ट मला या सगळ्यांत जास्त आवडते. जुन्या कोब्यावर नवा थर ओतायचा तर खालचा कोबा स्लॅबला धरून आहे ना, हे आधी पाहावं लागतं. हातोडीने हलकं ठोकत किंवा साखळी फरफटत नेत आवाज ऐकतात. घट्ट जागा खणखणीत बोलते, सुटलेली भद्द वाजते. एका जुन्या दवाखान्यात इंजिनीयर साहेबांनी सकाळभर ठोकून खडूने गोल काढले. झाडलोट करणाऱ्या मावशी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "साहेब, औषधाच्या खोलीच्या दाराशी राहिलं बघा. तिथं बादली ठेवली की आवाज निराळा येतो." तिथे ठोकलं तर जवळजवळ दाराएवढा तुकडा मोकळा निघाला. वर्षानुवर्षं रोज बादली ठेवणाऱ्या कानाला जे कळलं होतं, ते एका सकाळच्या ठोकाठोकीत निसटलं होतं. त्या दिवसापासून ते साहेब नव्या साइटवर गेले की आधी झाडणाऱ्या बाईंना गाठतात.

इथे एक गोष्ट किस्सा बाजूला ठेवून सांगायला हवी. कोरडं ग्राइंडिंग करताना उडणाऱ्या काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात रुततात आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. तोंडाला बांधलेल्या गमछ्याने ही धूळ अडत नाही. मशीनला जोडलेला व्हॅक्यूम आणि नीट बसणारा मास्क, दोन्ही लागतात. व्हॅक्यूमचं भाडं वाचवणारा ठेकेदार दिसला की माझं डोकं फिरतं, कारण वाचलेले पैसे त्याचे असतात आणि छाती दुसऱ्याची.

आता पीओपीवाले. आपल्याकडच्या बांधकामात फॉल्स सीलिंगवाले आणि जमीनवाले यांचं वैर जुनं आहे. एकाचं काम वर, दुसऱ्याचं खाली, आणि वरचं सगळं खाली पडतं. पीओपीचे पांढरे थेंब जमिनीवर पडतात, पायाखाली तुडवले जातात, काँक्रीटच्या छिद्रांत बसतात. पीओपी म्हणजे जिप्सम, म्हणजे सल्फेट. ते सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटला ओलाव्यात भेटलं की एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक वाढतात, ते जागा मागतात आणि वरचा थर सुटू लागतो. गंमत अशी, की बऱ्याच कंपाउंडमध्ये हेच स्फटिक मुद्दाम, हिशेबाने घडवून आणलेले असतात. म्हणूनच कंपाउंड काही तासांत चालण्याजोगं होतं. त्याच्या पोटात जे उपकारक, ते त्याच्या बुडाशी घातक.

एका ऑफिसच्या मजल्यावर जमीनवाल्यांनी थेंबांवरून असा आवाज चढवला की सीलिंगवाला खरोखर ओशाळला. भला माणूस होता. रात्री सगळे गेल्यावर त्याने आपली पोरं लावली आणि सगळा मजला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून घेतला. सकाळी जमीन एकसारखी, फिकट पांढरी दिसत होती. तोवर जिप्सम थेंबाथेंबाने पडलेलं होतं. आता ते पाण्यात विरघळून दाराशी, कोपऱ्यात, खांबाच्या बुंध्याशी, सगळीकडे पोहोचलं होतं. संपूर्ण मजला पुन्हा घासला गेला. तरी त्यानंतर त्या दोन ठेकेदारांची दोस्ती जमली, कारण इतक्या मनापासून केलेल्या नुकसानीवर कोणी किती रागावणार?

ओलाव्याच्या बाबतीत तर जमीन चक्क फसवते. वरून हाताला कोरडी लागते आणि पोटात पाणी धरून असते. ते तपासायला काँक्रीटमध्ये भोक पाडून आत सेन्सर बसवतात. स्लॅब फक्त वरच्या बाजूने सुकत असेल तर भोक जाडीच्या ४० टक्के खोल. मग तोंड बंद करून २४ तास थांबायचं आणि आतली सापेक्ष आर्द्रता वाचायची. व्हिनाइलसारख्या हवाबंद आवरणासाठी ब्रिटिश प्रघात ७५ टक्क्यांपर्यंतचा आहे. नाशिककडे ऐन पावसाळ्यात एका साइटवर संध्याकाळी भोकं पाडून सेन्सर बसवले आणि मंडळी घरी गेली. दुसऱ्या दिवशी सेन्सर सापडेनात. भोकंही सापडेनात. रंगाऱ्यांच्या टोळीतल्या एका कामसू पोराला जमिनीत भोकं दिसली, त्याने ती पुट्टी भरून, पॉलिश पेपर मारून इतक्या सफाईने बुजवली होती की जागा ओळखायला आदल्या दिवशीचे फोटो बघावे लागले. सेन्सर आतच होते.

सांधे आणि भेगांबद्दल थोडक्यात. बारीक, न हलणारी भेग इपॉक्सीने भरून विषय संपतो. इमारतीचा हलता सांधा मात्र बुजवायचा नाही, तो वरच्या थरातही तसाच चालू ठेवायचा. जे बुजवतात त्यांना इमारत स्वतःच काही महिन्यांत सरळ रेषेत उत्तर देते.

पातळ मिश्रणाचा एक स्वभाव असा, की त्याला वाट सापडली की ते जातं. पाइपभोवतीची फट, वायरिंगची नळी, चौकटीमागची भेग, काहीही चालतं. एका व्यापारी संकुलात असंच झालं. वर ओतलेलं खालच्या दुकानात उतरलं आणि झेरॉक्स मशीनवर फार सुंदर समतल होऊन बसलं. ही हकिकत आमच्या वर्तुळात पसरली, तेव्हा एका मिस्त्रींनी युक्ती काढली. अंधार पडल्यावर खालच्या मजल्यावर सगळे हॅलोजन लावायचे, वरचे सगळे दिवे बंद करायचे आणि वर जमिनीशी डोकं नेऊन बघत फिरायचं. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा ज्या पाइपांवर संशय होता तिथे काळोख होता, आणि भिंतीतल्या कपाटाच्या आतून प्रकाशाची बारीक रेघ येत होती. ते कपाट प्लायवुडने बंद करून, रंग देऊन झालेलं होतं. सुताराला रात्रीच फोन गेला. त्या सुताराने मिस्त्रींना काय म्हटलं, ते छापण्याजोगं नाही.

एवढं सगळं झाल्यावर येतो प्रायमर. पाहुण्यांना तो दुधाळ पाण्यासारखा दिसतो आणि खर्चाच्या यादीत सगळ्यांची कात्री आधी त्याच्यावर चालते. त्याचं काम काय? एक, काँक्रीटची छिद्रं बंद करणं, म्हणजे वरच्या मिश्रणातलं पाणी खाली शोषलं जात नाही आणि ते पसरायच्या आधीच आळत नाही. दोन, छिद्रांतली हवा अडवणं. तीन, दोन थरांना एकमेकांशी धरून ठेवणं. यातला दुसरा मुद्दा वगळला तर काय होतं, ते मी कोल्हापूरकडे एका बॅडमिंटन हॉलमध्ये पाहिलं. जमीन फार शोषक, प्रायमरचा एकच हात मारलेला, दुसरा "उगाच खर्च" म्हणून कापलेला. मिश्रण ओतलं आणि खालची हवा बुडबुड्यांनी वर येऊ लागली. काटेरी रोलर फिरवून फिरवून पोरं दमली. सकाळी त्या भागाला आंबोळीसारखी जाळी पडलेली होती. कात्री चालवणारे व्यवस्थापक स्वतः गुडघ्यावर बसून एकेक छिद्र बघत होते. पुढच्या भागासाठी त्यांनी न सांगता दोन हातांचा प्रायमर मागवला, आणि वर तिसऱ्याची चौकशी केली.

तिसराही नको, हे त्यांना समजावणं जास्त कठीण गेलं. प्रायमर जास्त झाला की खळग्यांत साचतो. वरून साय धरतो, आत ओला राहतो, आणि त्याच्यावर ओतलेला थर जमिनीला न धरता त्या रबरी पापुद्र्याला धरतो. म्हणून प्रायमर मऊ झाडूने घासून छिद्रांत भरवायचा आणि साचलेला लगेच उचलायचा. पातळ किती करायचा, तेही डब्यावर लिहिलेलं असतं. शोषक जमिनीवर पहिला हात बहुधा पाणी घालून, आणि टाइल्ससारख्या न पिणाऱ्या जमिनीवर वेगळाच, वाळूचे कण असलेला प्रायमर. एका साइटवर ठरल्याप्रमाणे पाणी घालूनही प्रायमर सारखा कमकुवत निघत होता. मिस्त्री कंपनीवर संशय घेत होते, कंपनीचा माणूस मिस्त्रींवर. शेवटी उलगडा झाला. डबे पुरवून वापरण्यासाठी स्टोअरकीपर आधीच निम्मं पाणी घालून ठेवत होता. त्याची काटकसर सगळ्या साइटवर वाखाणली गेली होती.

प्रायमर लावल्यावर थांबणं, हा सगळ्यांत कसोटीचा भाग. दुधाळ रंग जाऊन पापुद्रा पारदर्शक झाला आणि बोटाला काही लागलं नाही की तो तयार. कोरड्या हवेत दोन-तीन तासांचं काम. पावसाळ्यात संध्याकाळ उलटून जाते. ठेकेदाराला तर तासांचे पैसे दिसत असतात. अशा एका घाईत कोणीतरी मोठा पेडस्टल पंखा आणून लावला. प्रायमर भराभर सुकला. पंख्याच्या पाठीमागच्या खोलीत मात्र पुट्टी घासणं चालू होतं, आणि चिकट अवस्थेतल्या प्रायमरवर तिची भुकटी छान एकसारखी बसली. घाईने वाचवलेला तास पुसणं, घासणं आणि पुन्हा प्रायमर मारणं यात अर्ध्या दिवसाने फेडावा लागला. पंखा आणणाऱ्याचं नाव अजून निघालेलं नाही, पण पंख्यावर नाव होतं. तो साइट ऑफिसमधला होता.

ओतण्याच्या सकाळचा एक प्रसंग मात्र मला फार लोभस वाटतो. एका नव्या दवाखान्याच्या मालकांच्या आई पूजेचं ताट घेऊन आल्या. नारळ, कुंकू, तेलाची समई. प्रायमर मारून तयार झालेली जमीन समोर, आणि तिच्यावर तेलाचा एक थेंब जरी पडला तरी तेवढ्या जागी थर धरणार नाही. आजींना नको कसं म्हणायचं, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. मिस्त्री पुढे झाले. "आई, जमीन तर आता अंथरूण घालून तयार आहे. खरं काम या मशीनचं. हिची पूजा करा, नारळ पायरीवर वाढवा." आजींना ते मनापासून पटलं. मिश्रण ढवळायच्या ड्रिलला हार घातला, उपड्या बादलीवर समई ठेवली, पहिली आरती झाली. मग काम सुरू करायला गेले तर पाण्याची खूण केलेली, मापाची बादली हीच, समईखालची. तिसरी आरती संपेपर्यंत सगळे हात जोडून उभे होते.

त्या खुणेच्या बादलीवर वाट बघणं योग्यच होतं. २५ किलोच्या गोणीला सर्वसाधारणपणे ५ ते ६ लिटर पाणी लागतं, आणि नेमकं किती ते गोणीवर छापलेलं असतं. एक मग जास्त गेला तर मिश्रण आणखी छान पळतं, म्हणून मदतनीसाचा हात सारखा मगाकडे जातो. पण त्या मगाने वाळू खाली बसते आणि वर भुकटीसारखा पांढरा पापुद्रा येतो. यावर युरोपीय मानकात सोपी चाचणी आहे: ३० मिलिमीटर व्यासाची, ५० मिलिमीटर उंचीची नळी काचेवर ठेवून भरायची, उचलायची आणि पसरलेल्या वर्तुळाचा व्यास मोजायचा. आमच्या मिस्त्रींनी पितळी नळीऐवजी प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून घेतला होता. कंपनीच्या माणसाने नाक मुरडलं. दुपारी त्याची स्वतःची नळी वाळलेल्या मिश्रणाने गच्च बसली, आणि उरलेल्या सगळ्या चाचण्या प्लंबरच्या तुकड्यावर झाल्या.

आणि शेवटची परीक्षा ओढण्याची. थर नीट पक्का झाल्यावर त्यावर ५० मिलिमीटरची धातूची चकती इपॉक्सीने चिकटवतात, भोवती गोल काप खालच्या काँक्रीटपर्यंत नेतात आणि यंत्राने चकती सरळ वर खेचतात. १.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ही नेहमी मागितली जाणारी ताकद. पण जाणकार आकड्याआधी तुटलेली जागा बघतात. थरातच तुटलं तर कंपाउंडवाल्याची मान खाली. जोडात तुटलं तर ग्राइंडर आणि प्रायमरवाल्यांची. त्या नव्या दवाखान्यात दोन्ही पक्ष यंत्राभोवती उकिडवे बसले होते, कोणी बोलत नव्हतं. काटा सरकत गेला, १.५ ओलांडला, आणि चकती टक्‌ करून सुटली. मामांनी ती उलटी केली. तळाला प्रायमर नव्हता, कंपाउंडही नव्हतं. स्लॅबची खडीच उपटून आली होती. दोन्ही पक्षांनी एकमेकांना टाळ्या दिल्या आणि स्लॅबवाल्याला फोन लावला.